टाकीखालचा स्टँड आणि ‘मजबूत’ या शब्दाचा अर्थ

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मत्स्यालयाविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. माशांची निवड, फिल्टर, पाणी बदलण्याची पद्धत ही सगळी माहिती नवख्या माणसाला उपयोगी पडेल अशीच होती. मात्र टाकी कशावर ठेवायची हा विषय त्यात एका वाक्यात आटोपला होता. टाकी मजबूत स्टँडवर ठेवावी, एवढेच सांगून लेख पुढे गेला. कोल्हापूर परिसरातील ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्न मेकर म्हणून, म्हणजे बिडाचा भाग ओतण्याआधी त्याची लाकडी प्रतिकृती करणारा कारागीर म्हणून, २६ वर्षे लाकडाशी झटापट केल्यामुळे आणि मत्स्यालयाच्या स्टँडपायी एकदा स्वतःचे व खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांचे नुकसान करून घेतल्यामुळे ‘मजबूत’ या शब्दात नेमके काय काय येते ते सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी वजनाचा हिशेब मांडतो, कारण बहुतेक घरांत तो कोणी करत नाही. रिकामी काचेची टाकी दोन माणसे सहज उचलून जिना चढतात आणि तेच वजन मनात राहते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी ९ घनफुटांची होते. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. टाकी वरून दोन इंच मोकळी ठेवली आणि तळाला दोन इंचांचा खडीचा थर दिला, तर पाणी साधारण २१० किलो, खडी ४० किलो, १० मिलिमीटर जाडीची काच ५० किलो आणि दगड, झाकण, फिल्टर मिळून आणखी दहा किलो, असे ३१० किलो स्टँडच्या डोक्यावर येतात. स्टँडचे स्वतःचे वजन धरल्यास जमिनीवर सुमारे ३७० किलो उतरतात. सिमेंटची सात पोती भिंतीला लावून एकावर एक रचावीत आणि ती पुढली दहा वर्षे तिथून हलवूच नयेत, असे हे ओझे आहे. शिवाय पोती गळत नाहीत. टाकी आज ना उद्या चार थेंब तरी सांडतेच.

माझी पहिली टाकी तीन फुटांची होती. ती ज्या दुकानातून घेतली तेथेच तयार स्टँडही मिळाला. दिसायला तो देखणा होता. वर काळा चकचकीत सनमायका, पुढे दोन दारे आणि फळ्यांची जाडीही चांगली इंचभर. मी लाकडातला माणूस असूनही त्या जाडीला भुललो, हे येथे कबूल केले पाहिजे. फळी सनमायकाखाली भुसा दाबून केलेल्या पार्टिकल बोर्डाची होती आणि वरची फळी दोन उभ्या बाजूंच्या मध्ये धरून बाहेरून मारलेल्या स्क्रूंवर नुसती लटकलेली होती. फिल्टरच्या नळीचा थेंब महिनोन् महिने मागल्या कडेवर पडत राहिला. सनमायकाची कड जिथे उघडी होती तिथून पाणी आत शिरले, बोर्ड फुगला, फुगलेल्या भुशात स्क्रूचे आटे सैल झाले आणि फळीचा मागचा कोपरा तीन-चार मिलिमीटर खाली बसला. काच लाकडासारखी वाकत नाही. आठव्या महिन्यात एका रात्री तळाच्या काचेला कोपऱ्यापासून तडा गेला आणि पावणेदोनशे लिटरांतले बहुतेक पाणी सकाळपर्यंत हॉलमध्ये, उंबऱ्याबाहेर आणि खालच्या घराच्या छताला पोहोचले होते. तीन मासे बादलीत वाचले. खालच्या काकूंनी एका शब्दाने बोल लावला नाही, उलट पाणी उपसायला फडकी आणि सूप घेऊन त्या वर आल्या. त्यामुळे तर मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

त्यानंतर चार फुटी टाकीसाठी स्टँड मी स्वतः केला. तो करताना एकच गोष्ट धरून चाललो, ती अशी की वजन लाकडावरून लाकडावर उतरले पाहिजे, ते स्क्रूवर किंवा खिळ्यावर लटकता कामा नये. टाकीचा भार वरच्या चौकटीवर यावा, चौकट खांबांच्या डोक्यावर बसलेली असावी, खांब खालच्या चौकटीवर उभे असावेत आणि खालची चौकट सलग जमिनीला टेकलेली असावी. या साखळीतले सगळे स्क्रू मनातल्या मनात काढून टाकले तरी स्टँड टाकी पेलत उभा राहील का, एवढा प्रश्न कोणताही गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या विचारू शकतो. उत्तर नाही असे आले, तर फळी दीड इंच जाडीची असली तरी तो स्टँड घेऊ नये. दोन इंच बाय तीन इंचांचा आखूड सागवानी खांब दाबाखाली कित्येक हजार किलो सहन करतो, त्यामुळे खांब मोडून टाकी पडल्याचे सहसा ऐकू येत नाही. निकामी होतो तो सांधा.

लाकूड मी जुन्या लाकडाच्या वखारीतून घेतले. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया, चौकटी आणि कडीपाटाच्या फळ्या तेथे येतात. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेले सागवान पुरते वाळलेले असते, त्यामुळे ते नव्याने पिळत नाही, हा त्याचा मोठा गुण. अवगुण असा की त्यात जुने खिळे मोडून राहिलेले असतात. रंधा लावण्याआधी प्रत्येक तुकड्यावरून मी लोहचुंबक फिरवला, तेव्हा चार फुटांच्या एकाच पट्टीत सात खिळे निघाले, आणि एक तर इतका आत होता की पटाशीने कोरूनच काढावा लागला. फिकट रंगाचा बाहेरचा भाग, ज्याला वाळवी आधी लागते, तो मात्र तासून टाकावा. त्याचा मोह धरू नये. एवढ्या स्टँडला तूट धरून सुमारे दोन घनफूट लाकूड लागते. नवे सागवान परवडत नसेल तर नीट वाळलेले दुसरे कठीण लाकूडही चालते. ओले लाकूड मात्र, मग ते कितीही महाग असो, चालत नाही, कारण ते घरात आल्यावर वाळते, वाळताना पिळते आणि चौकटीचा एक कोपरा उचलला जातो.

वरच्या चौकटीसाठी दोन बाय चार इंचांच्या पट्ट्या घेतल्या; रंधून त्या ४५ बाय ९० मिलिमीटरच्या राहिल्या. या पट्ट्या चौकटीत उभ्या बसवायच्या, म्हणजे चार इंचांची बाजू उभी राहील अशा. ही गोष्ट साधी असली तरी बाजारातल्या कित्येक स्टँडमध्ये पट्टी आडवी टाकलेली दिसते. चार फुटांच्या अंतरावर नुसत्या दोन टोकांना टेकलेली अशी उभी पट्टी या टाकीच्या निम्म्या वजनाखाली हिशेबाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाकते. तीच पट्टी आडवी टाकली तर चौपट, म्हणजे पाच मिलिमीटर वाकते. लाकूड तेच आणि पैसेही तेच. त्यातही कायमच्या ओझ्याखाली लाकूड वर्षानुवर्षे हळूहळू झुकत राहते, म्हणून पहिल्या दिवशीचे वाकणे शेवटचे समजू नये. यासाठी मी पुढे आणि मागे मधोमध एकेक खांब जास्तीचा दिला. अंतर निम्मे झाले की वाकणे सोळाव्या हिश्शावर येते. मधल्या खांबामुळे दारे दोन भागांत करावी लागतात आणि खालची जागा थोडी अडते, पण ती गैरसोय मी पत्करली.

खांबाच्या दोन्ही टोकांना एक इंचाचे कुसू, म्हणजे भोकात बसणारी अरुंद जीभ, काढून ते वरच्या व खालच्या पट्टीत पाडलेल्या भोकात बसवले. भार कुसवावर घ्यायचा नसतो. कुसवाच्या भोवती खांबाची जी कड, म्हणजे खांदा, उरतो त्यावर वरची पट्टी घट्ट टेकली पाहिजे; कुसवाने खांब नुसता जागच्या जागी धरून ठेवायचा असतो. म्हणून भोक कुसवापेक्षा तीळभर खोल ठेवावे. ते उथळ राहिले तर कुसू तळाला लागतो, खांदा अधांतरी राहतो आणि सांधा बाहेरून कितीही सुबक दिसला तरी सगळे वजन इंचभर लाकडावर येते. प्रत्येक सांधा जुळवून पाहताना खांद्यावर पेन्सिलीचे शिसे चोळले आणि पट्टी ठोकून काढली. जिथे शिसे वर उठले नाही तिथे खांदा टेकलेला नाही हे लगेच कळते. हे आमच्या पॅटर्न शॉपमधले जुने तंत्र आहे.

त्या शॉपमधली दुसरी एक सवय मात्र मला नडली. ओतलेले बीड थंड होताना मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर आकसते, म्हणून आमच्या मोजपट्ट्यांवरच्या खुणा मुळातच तेवढ्या लांब आखलेल्या असतात. घरी आणलेली तीच पट्टी मी नकळत वापरली आणि मागची पट्टी पुढच्यापेक्षा १२ मिलिमीटर लांब कापली गेली. चौकट चुकीची आहे हे कर्ण मोजल्यावर कळले. गुण्याने, म्हणजे काटकोन तपासायच्या हत्याराने, चारही कोपरे काटकोनात दिसत असले तरी चौकटीचे दोन्ही कर्ण सारखे भरतात की नाही हे दोरीने पाहिल्याशिवाय सरस लावू नये, असे मी शिकाऊ मुलांना आयुष्यभर सांगत आलो होतो. बरे झाले, स्वतःही ऐकले.

खांब आणि चौकटी उभ्या झाल्या तरी स्टँड अजून पुरा झालेला नसतो. वरून दिलेला भार तो पेलतो, पण बाजूने ढकलले तर डगडगतो. चौकोन कलून त्याचा तिरका आकार व्हायला बघतो. टाकीतले पाणी हलते ओझे आहे. लहान मूल धावत येऊन आदळले, कोणी टेकून उभे राहिले किंवा जमीन हलली, तर पाणी एका बाजूला लोटते आणि स्टँडला आडवा रेटा देते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची आठवण आमच्या भागातल्या जुन्या माणसांना आजही आहे आणि लहान धक्के अधूनमधून जाणवतात, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे तरी पुस्तकी म्हणता येणार नाही. उपाय स्वस्त आहे. मागची पूर्ण बाजू आणि दोन्ही कडा १२ मिलिमीटर प्लायने सरस व स्क्रू लावून बंद कराव्यात. वायर आणि नळ्यांसाठी मागे दोन भोके पुरतात. कर्णात ठोकलेली तिरकी पट्टीही चालते, पण प्लाय सगळ्या कडांना धरून ठेवते. येथे स्क्रू वापरायला माझी हरकत नाही, कारण येथे ते टाकीचे वजन उचलत नसतात.

प्लायविषयी दुकानात फार गोंधळ असतो. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द विक्रेते सढळ हाताने वापरतात. भारतीय मानकांप्रमाणे साधे घरगुती प्लाय आयएस ३०३ मध्ये येते आणि त्यातील एमआर प्रतीचे, ज्याला बाजारात कमर्शियल म्हणतात, नुसती दमट हवा सोसते. सतत भिजणे त्याला मानवत नाही. मरीन प्लायसाठी आयएस ७१० हे वेगळे मानक आहे. वरची १८ मिलिमीटरची फळी तरी ७१० ची घ्यावी आणि शिक्का तुकड्यावर स्वतः पाहावा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, आणि पार्टिकल बोर्ड टाकीखाली अजिबात नकोत. वर सलग सागवानी फळ्या टाकाव्यात असा आग्रह हौशी मंडळी धरतात, पण लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नसले तरी रुंदीत बदलते. पावसाळ्यात दारे अडकतात ती त्यामुळेच. दीड फूट रुंदीची फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर सहज कमी-जास्त होते आणि चारी बाजूंनी आवळली असेल तर फुगून उचलते किंवा चिरते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असतात, म्हणून ते जागेवर राहते.

फळीवर बोटभर नव्हे, १० ते १२ मिलिमीटरचे थर्माकोल टाकून त्यावर टाकी ठेवावी. आपल्याकडच्या टाक्या बहुधा बिनचौकटीच्या, सिलिकॉनने जोडलेल्या असतात आणि त्यांच्या तळाला सर्वत्र सारखा आधार लागतो. काचेखाली राहिलेला वाळूचा एक कणही पुढे तड्याचे कारण होऊ शकतो. थर्माकोल तो कण गिळते. पण वाकडा स्टँड थर्माकोलने सरळ होत नाही, आणि टाकीच्या कोपऱ्याखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारणे हा तर सर्वांत वाईट इलाज आहे. पाचर द्यायचीच झाली तर ती स्टँडच्या पायथ्याखाली द्यावी.

पातळी पाहायला पाणसळ हवीच, पण टाकी हीच सर्वांत मोठी पाणसळ असते. टाकी चौथा हिस्सा भरून चारही कोपऱ्यांत तळापासून पाण्याची उंची पट्टीने मोजावी. माझ्याकडे मागच्या डाव्या कोपऱ्यात तीन मिलिमीटर जास्त पाणी भरले. स्टँड चुकला असे वाटून मी अर्धा दिवस हैराण होतो. शेवटी कळले की फरशीलाच बाल्कनीकडे ढाळ दिलेला आहे. पाणी उपसले, पायथ्याखाली पूर्ण लांबीची सागवानी पाचर तासून सरकवली आणि पुन्हा भरले. चार सुटे पाय न देता खालची चौकट सलग ठेवण्याचा फायदा येथेही होतो, कारण चार पायांवर तोलले की प्रत्येक पायाखाली नव्वद किलोंहून अधिक भार हातभर जागेतही नव्हे, तर दोन-तीन इंचांत येतो आणि खालची फरशी पोकळ वाजणारी असेल तर ती चिरते.

इमारतीचा स्लॅब एवढे पेलेल का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. इमारतींवरील भारांसाठीच्या आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार राहत्या खोल्यांसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलोचा भार धरला जातो, तर या टाकीखाली तो साडेसहाशेच्या वर जातो. हे आकडे ऐकून घाबरण्याचे कारण नाही, कारण तो भार सगळ्या खोलीभर धरलेला असतो आणि दहा बाय बारा फुटांच्या खोलीत तेवढे वजन एका कोपऱ्यात कपाटाच्या रूपानेही असतेच. मात्र टाकी भिंतीला समांतर, शक्यतो बीमच्या जवळ असावी आणि बाहेर लोंबणाऱ्या बाल्कनीच्या कडेला कदापि नसावी. पेठांमधल्या जुन्या घरांत माडीला लाकडी तुळया असतात. तेथे टाकीची लांबी तुळयांना आडवी ठेवावी, म्हणजे भार एका तुळईऐवजी तीन-चार तुळयांत वाटला जातो. याहून मोठ्या टाकीसाठी अभियंत्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. लाकूड पाणी ओढते ते मुख्यतः कापलेल्या टोकांतून, म्हणून खांब आणि पट्ट्यांची टोके जोडण्याआधीच पॉलिशमध्ये तीन वेळा मुरवावीत. प्लायच्या कडा सिलिकॉनने बंद कराव्यात. विजेचा बोर्ड स्टँडच्या आत खाली न ठेवता बाजूला वर बसवावा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली येईल असा झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, सॉकेटात जात नाही.

आपल्या पुरवणीतील लेखकांना माझी विनंती आहे की टाकीचे माप लिहिताना कंसात तिचे भरलेले वजनही किलोत लिहावे. निम्मे वाचक तेवढ्यानेच सावध होतील. स्टँड विकणाऱ्यांनीही तो किती किलोंसाठी केला आहे आणि आत कोणता बोर्ड आहे, हे एका चिठ्ठीवर लिहून चिकटवायला काही खर्च येत नाही. गॅसच्या सिलिंडरवर रिकामे वजन लिहिलेले असते. तीनशे किलोंहून जड टाकीखाली काहीच लिहिलेले नसावे, हे मला पटत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त पॅटर्न मेकर, कोल्हापूर

ता.क. : हे पत्र लिहिण्यापूर्वी वरच्या चौकटीतली पुढची पट्टी किती वाकली ते तिच्या खालच्या कडेला सरळ पोलादी पट्टी लावून पाहिले. टाकी भरून चार वर्षे झाली आहेत. फीलर गेजचे, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांच्या जुडग्यातले, ०.१५ मिलिमीटरचे पान फटीत शिरले, ०.२० चे शिरले नाही.